कारचं उरलेलं ऑइल युनिकॉर्नमध्ये ओतलं, खंबाटकीत क्लच घसरला

पाचवा_गिअर | शनिवार, रात्री १०:४०

नमस्कार मंडळी. चूक माझीच आहे हे आधीच कबूल करतो, म्हणजे पहिले दहा प्रतिसाद तेवढंच सांगण्यात खर्ची पडणार नाहीत.

गाडी म्हणजे होंडाची बाइक, युनिकॉर्न १५०, २०१३ची, ६८ हजार किलोमीटर झालेत. सर्व्हिसिंगला गल्लीतल्या मेकॅनिककडे जातो. तो ऑइल टाकतो, मी पैसे देतो. कुठलं टाकतो हे दहा वर्षांत एकदाही विचारलं नाही. गेल्या महिन्यात कारचं ऑइल पहिल्यांदाच घरी बदललं, आणि कॅनमध्ये सव्वा लिटर उरलं. ५डब्ल्यू३० (हा जाडीचा ग्रेड), फुल्ली सिंथेटिक, एपीआय एसपी दर्जाचं, बाइकच्या ऑइलपेक्षा जवळपास दुप्पट महाग. म्हटलं, चला, युनिकॉर्नलाही दिवाळी करून टाकू.

पहिला आठवडा खरंच मजेत गेला. गिअर लोण्यासारखे पडत होते. दुसऱ्या रविवारी पुण्याहून साताऱ्याला निघालो. मागे बायको, आमच्या दोघांच्या मध्ये सासूबाईंसाठी घेतलेल्या मिक्सरचा खोका. खंबाटकीच्या चढाला तिसऱ्यावर अॅक्सिलरेटर पिळला तर इंजिन बोंबलतंय आणि काटा चाळिसाच्या खालीच. जणू गाडी न्यूट्रलवर आहे. मागून ट्रकवाले हॉर्न मारतायत, बायको विचारतेय "उतरू का?" कसंबसं वर पोचलो. येताना बोगद्यातून आलो, चढ कमी होता, तरी टॉपवर तीच रड.

प्रश्न असे: क्लच प्लेटा गेल्या का? महाग आणि चांगलं ऑइल टाकून गाडी बिघडते कशी? आणि आता टाकू काय? मेकॅनिक म्हणतो २०डब्ल्यू४०, मेव्हणा म्हणतो २०डब्ल्यू५०, शेजारचे काका म्हणतात कंपनीचंच टाक. जाणकारांनी प्रकाश टाकावा.

---

वाचनमात्र | शनिवार, रात्री १०:५२

रुमाल टाकून ठेवतो. मी पण मागच्या वर्षी हेच केलंय. (घरी सांगू नका.)

---

नटबोल्ट | शनिवार, रात्री ११:१५

सांगलीत बावीस वर्षं गॅरेज चालवलं, आता पोरगा बघतो. ऑइलला शिव्या घालायच्या आधी पाच मिनिटांचं काम करा. क्लच लिव्हरच्या टोकाला हलकं बोट लावून बघा, ढील किती आहे. १० ते २० मिलिमीटर पाहिजे. ढील शून्य असेल तर केबल क्लचला कायम थोडा दाबून धरते, प्लेटा पूर्ण आवळत नाहीत आणि गाडी चढाला अशीच बोंबलते. माझ्याकडे क्लच गेला म्हणून येणाऱ्या गाड्यांत अशा बऱ्याच असायच्या, अॅडजस्टर दोन आटे फिरवला की माणूस हसत जायचा.

ढील बरोबर असेल तर मग ऑइल. आणि हो, किती किलोमीटर चालवली त्या ऑइलवर?

---

पाचवा_गिअर | शनिवार, रात्री ११:३१

ढील बघितली, साधारण १५ मिमी आहे. चालली आहे नऊशेच्या आसपास.

---

बुलेटकन्या | रविवार, सकाळी ८:०५

"युनिकॉर्नलाही दिवाळी" वाचून चहा सांडला.

महाग ऑइलने बिघडते कशी, हे मला आमच्या घरातल्या दोन बुलेटींमुळे कळलं. बाबांची १९८९ची, कास्ट आयर्न इंजिनाची, उजव्या पायाला गिअर आणि डाव्याला ब्रेक असलेली. तिच्यात तीन ठिकाणी तीन वेगळी ऑइलं. इंजिनाचं वेगळं. डाव्या बाजूच्या चेनकेसमध्ये क्लच आणि प्रायमरी चेन, त्यांचं वेगळं. गिअरबॉक्सचं तिसरंच, आणि तेही आमच्या नाशिकचा जुना मेस्त्री ग्रीस आणि ऑइलचं कालवण करून भरायचा. बाबा इंजिनात बिनधास्त ट्रकचं डिझेल इंजिन ऑइल टाकायचे. काही झालं नाही. होणारच नव्हतं, कारण इंजिनाच्या ऑइलची आणि क्लचची गाठच पडत नव्हती.

माझी क्लासिक ३५० यूसीई इंजिनाची. तिथे इंजिन, क्लच आणि गिअर एकाच केसिंगमध्ये, सगळ्यांना एकच १५डब्ल्यू५०. तुमची युनिकॉर्न, स्प्लेंडर, पल्सर, सगळ्या याच घरातल्या. एक लिटर ऑइल पिस्टनला थंड करतं, गिअरच्या दातांमध्ये चेंगरतं, आणि वर क्लचच्या प्लेटाही त्यातच बुडालेल्या. कारमध्ये मॅन्युअल गिअरबॉक्सचं ऑइल वेगळं आणि क्लच एकदम कोरडा. म्हणजे कारच्या ऑइलला क्लच नावाची वस्तू जगात आहे हेच ठाऊक नाही!

त्यामुळे जुन्या बुलेटवाल्या काकांनी "आम्ही तर ट्रकचं टाकायचो" असं सांगितलं तर ते खोटं बोलत नाहीयेत. त्यांची गाडी वेगळी होती इतकंच.

---

माहूलकर | रविवार, सकाळी ९:४०

वरचा प्रतिसाद उत्तम. मी नोकरीभर वंगण तेलांच्या ब्लेंडिंगमध्ये होतो, तर त्यापुढचं थोडं रसायनाचं सांगतो. लांबेल.

क्लचमध्ये एकाआड एक प्लेटा असतात, घर्षणाचं अस्तर लावलेली एक, मग पोलादी एक. स्प्रिंगा त्यांना एकमेकींवर दाबतात. क्लच सोडला की मधलं ऑइल पिळून बाहेर जातं आणि प्लेटा एकमेकींना धरतात. आता कारचं ५डब्ल्यू३०. कार उत्पादकांना मायलेजचा दाखला द्यायचा असतो, म्हणून त्या ऑइलमध्ये घर्षण कमी करणारी द्रव्यं घालतात, काही मॉलिब्डेनमची संयुगं असतात, काही सेंद्रिय. ही द्रव्यं धातूच्या पृष्ठभागावर चिकटून बसतात आणि प्लेटा दाबल्या तरी तिथून हलत नाहीत. ऑइल पिळून गेलं, निसरडेपणा मागे राहिला. सपाट रस्त्यावर स्प्रिंगचा दाब पुरतो. चढ, तिसरा गिअर, दोन माणसं आणि मिक्सर म्हटलं की पुरत नाही. पहिल्या आठवड्यात गिअर लोण्यासारखे पडत होते म्हणालात ना, त्यामागेही हाच निसरडेपणा असणार.

तुमच्या कॅनच्या मागे बहुधा एक गोल शिक्का असेल. वरच्या अर्धवर्तुळात एपीआय एसपी, मध्ये ५डब्ल्यू३०, आणि खालच्या अर्धवर्तुळात इंग्रजीत रिसोर्स कन्झर्व्हिंग. जुन्या डब्यांवर एनर्जी कन्झर्व्हिंग असायचं. खालच्या भागात असं काही लिहिलेलं असेल तर ते ऑइल ओल्या क्लचच्या बाइकमध्ये टाकायचं नाही.

एपीआयची अक्षरं कारच्या इंजिनासाठी आहेत. एसएल २००१ची, एसएन २०१०ची, एसपी २०२०ची. दुसरं अक्षर पुढे सरकेल तसं कारच्या दृष्टीने ऑइल नवं. पण त्यात क्लचचा कुठेच हिशेब नाही. म्हणून जपान्यांनी १९९०च्या दशकाच्या शेवटी स्वतःचं मानक काढलं, जासो टी९०३. त्यात ऑइलची क्लच प्लेटांवर चाचणी घेतात आणि तीन गोष्टी मोजतात: प्लेटा फिरत असतानाचं घर्षण, धरल्यानंतरचं घर्षण, आणि धरायला लागणारा वेळ. त्यावरून एमए किंवा एमबी ठरतं. एमए म्हणजे घर्षण जास्त, ओल्या क्लचला योग्य. पुढे एमएचेच एमए१ आणि एमए२ असे पोटभाग केले, त्यात एमए२ची पकड सर्वांत जास्त. एमबी कमी घर्षणाचं, ते स्कूटरसाठी, कारण अॅक्टिव्हासारख्या गाडीत बेल्ट आणि क्लच वेगळ्या कोरड्या डब्यात असतात.

म्हणून बाइकचं ऑइल घेताना माझी नजर आधी जासोच्या चौकटीवर जाते, मग ग्रेडवर, आणि सिंथेटिक की मिनरल हे सगळ्यात शेवटी. बहुतेक गिऱ्हाईक बरोबर उलट्या क्रमाने बघतं.

---

आप्पा_चेतक | रविवार, सकाळी ११:२०

आमच्या वेळी एवढा अभ्यास नव्हता हो. पेट्रोल पंपावर जायचं, पोऱ्या लिटरमागे वीस मिली टू-टी (टू-स्ट्रोकचं) ऑइल मापून पेट्रोलमध्ये सोडायचा, आपण स्कूटर डावी-उजवीकडे हलवून मिसळायचं, झालं. धूर मागच्याच्या तोंडावर. इंजिन ऑइल जळूनच जायचं, बदलायचं काय?

आता सुनेची अॅक्टिव्हा आहे. तिच्यात चुकून एमए गेलं तर?

---

माहूलकर | रविवार, दुपारी १२:०२

आप्पा, स्कूटरमध्ये एमए गेलं तर बिघडत काही नाही, मायलेजमध्ये किंचित फरक. बाइकमध्ये एमबी जाणं मात्र टाळा. आणि सूनबाईंना विचारा, मागच्या चाकापाशी गिअरचं छोटंसं वेगळं ऑइल असतं ते शेवटचं कधी बदललं. शंभर-सव्वाशे मिली असतं, म्हणून सगळे विसरतात.

---

वऱ्हाडी_ठेचा | रविवार, दुपारी १:१५

भाऊ, हे क्लचचं पटलं. पण ग्रेडचं मले सांगा. आमच्या अकोल्यात मे महिन्यात पारा ४५च्या वर जाते. तिथं १०डब्ल्यू३० म्हणजे निस्तं पाणी! मी स्प्लेंडरले २०डब्ल्यू५० टाकतो, पाच वर्सं झाले, काई झालं नाई. उलट हेडमधला किटकिट आवाज बंद झाला. पुण्यामुंबईच्या एसीत बसून १०डब्ल्यू३० सांगणं सोपं हाय. (हलके घ्या.)

---

नटबोल्ट | रविवार, दुपारी २:३०

ठेचा भाऊ, आवाज बंद झाला म्हणजे टॅपेट (व्हॉल्व्ह दाबणारे भाग) सेट झाले असं नाही. घट्ट ऑइलने आवाज दबला, गॅप आहे तिथेच आहे. फिलर गेज (फट मोजायची पट्टी) लावून बघा एकदा.

आणि स्प्लेंडर आहे म्हणून विचारतो, उजव्या कव्हरमधली फिरती वाटी शेवटची कधी साफ केली? या इंजिनाला कागदी ऑइल फिल्टर नाही. एक जाळी, आणि क्रँकच्या टोकाला एक वाटी जी क्रँकबरोबर गरगर फिरते. मळ जड, तो बाहेर फेकला जाऊन वाटीच्या भिंतीला चिकटतो. भन्नाट सोपी युक्ती, पण वाटी भरली की संपलं. ती उघडायला कव्हर काढावं लागतं, गॅस्केट नवी लागते, म्हणून कोणी उघडतच नाही. मी लाखावर पळालेल्या गाड्यांत तिथे शाडूच्या मातीसारखा लगदा बघितलाय, पान्याच्या टोकाने खरवडावा लागायचा. तुम्ही वरून अमृत ओता, त्या मातीला काय फरक पडणार?

ग्रेडबद्दल माझं मत माहूलकर साहेबांपेक्षा जरा वेगळं असेल, ते आधी बोलू देत.

---

माहूलकर | रविवार, संध्याकाळी ५:१०

ठेचासाहेब, एसीचा आरोप मान्य, आता निवृत्त आहे. पण तुमच्या म्हणण्यात निम्मं तथ्य आहे, ते आधी सांगतो.

३०, ४०, ५० हा आकडा १०० अंश सेल्सियसला ऑइल किती जाड राहतं त्याचा वर्ग आहे. त्या तापमानाला ३० म्हणजे ९.३ ते १२.५ सेंटिस्टोक (जाडीचं एकक), ४० म्हणजे १२.५ ते १६.३, ५० म्हणजे १६.३ ते २१.९. पाण्याची जाडी खोलीच्या तापमानाला एकाच्या आसपास असते. तेव्हा १०डब्ल्यू३० अगदी तापलं तरी पाणी होत नाही. पण हवेने थंड होणाऱ्या इंजिनात बाहेरचं तापमान वाढलं की ऑइलचंही वाढतं, हे खरं. रेडिएटरवाल्या गाडीत थर्मोस्टॅट सांभाळून घेतो, स्प्लेंडरला तो नाही. अकोल्याच्या मे महिन्यात, डबल सीट, सिग्नलला उभं राहून राहून, एक पायरी जाड ऑइल टाकलं तर मी भांडणार नाही. गाडीच्या पुस्तकात कधीकधी तापमानानुसार ग्रेडचा तक्ता दिलेला असतो, तो असेल तर त्याच्या बाहेर जाऊ नका.

दोन पायऱ्यांना मात्र माझी हरकत आहे, आणि ती डिसेंबरसाठी. डब्ल्यू म्हणजे विंटर. १०डब्ल्यूची थंडीतली चाचणी उणे २५ला होते, २०डब्ल्यूची उणे १५ला. अकोल्यात उणे काहीच होत नाही, मग फरक कशाला पडावा? तर ४० अंशाला साधारण १०डब्ल्यू३० सत्तरच्या आसपास सेंटिस्टोक असतं आणि २०डब्ल्यू५० दीडशेच्या वर. हिवाळ्यातल्या सकाळी १०-१२ अंशाला ही दरी आणखी रुंदावते. रात्रभर ऑइल खाली उतरलेलं असतं, वर हेडमधले कॅम आणि रॉकर जवळजवळ कोरडे, आणि तुम्ही किक मारून लगेच ताणता. मध ओतल्यासारखं ऑइल वर पोचेपर्यंत धातूवर धातू. इंजिनाची झीज बरीचशी त्या पहिल्या काही क्षणांत होते.

---

नटबोल्ट | रविवार, संध्याकाळी ६:००

हे नव्या इंजिनाला शंभर टक्के बरोबर. पण ऐंशी हजार झालेली, रिंगा ढिल्या, शंभर-दोनशे मिली ऑइल दर महिन्याला पिणारी गाडी गिऱ्हाईक आणतं आणि म्हणतं, "बोअर-पिस्टन करायला पैसे नाहीत, ऊस गेला की बघू." मी २०डब्ल्यू४० टाकायचो, एमए बघून. धूर कमी व्हायचा, ऑइल टिकायचं, माणूस हंगाम काढायचा. पुस्तक लिहिणाऱ्याने गाडी नवी धरलेली असते. ऊस जायची वाट बघणाऱ्या माणसाची गाडी त्याने बघितलेली नसते.

---

माहूलकर | रविवार, संध्याकाळी ६:२५

मान्य. पण मग ती इंजिनाची दुरुस्ती पुढे ढकलली आहे हे त्याला सांगून टाकायचं. "हेच ऑइल भारी" म्हणून नाही.

---

नटबोल्ट | रविवार, संध्याकाळी ६:३१

सांगायचो की. ऐकायचा कोण?

---

ह्यूस्टनचा_हणमंत | रविवार, रात्री ९:४५

इकडे टेक्सासात उलटा प्रकार. बरेच बाइकवाले मोठ्या ट्रकांसाठीचं डिझेल ऑइल टाकतात, शेल रोटेला टी६, १५डब्ल्यू४० नव्हे तर ५डब्ल्यू४०. सुपरमार्केटमध्ये गॅलनच्या कॅनमध्ये मिळतं, बाइकच्या ऑइलपेक्षा बरंच स्वस्त. मी पण तेच टाकतो, क्लच मस्त. मग कारचं वाईट आणि ट्रकचं चांगलं, हे कसं?

---

माहूलकर | रविवार, रात्री १०:३०

त्या डब्याच्या मागे बघा, जासो एमएचा उल्लेख सापडेल. डिझेल ट्रकच्या ऑइलमध्ये मायलेजसाठीची ती निसरडी द्रव्यं सहसा नसतात, आणि झीज रोखणारं झिंक-फॉस्फरसचं संयुग भरपूर असतं. कारच्या पातळ ऑइलमध्ये फॉस्फरसवर मर्यादा आहे, ०.०८ टक्के, कारण जळलेल्या ऑइलमधला फॉस्फरस सायलेन्सरमधल्या कॅटलिटिक कन्व्हर्टरला मारक. कारचं सगळंच वाईट असंही नाही. तो मायलेजवाला रिसोर्स कन्झर्व्हिंगचा शिक्का ३० आणि त्याखालच्या पातळ ग्रेडांनाच मिळतो, त्यामुळे कारचं २०डब्ल्यू५० बाइकमध्ये टाकून वर्षानुवर्षं फिरणारे लोक भेटतात. पण तो जुगार, डब्यावर क्लचची हमी नाही.

दुसरी गोष्ट चिरडण्याची. पातळ-जाड दोन्ही गुण एकाच ऑइलमध्ये यावेत म्हणून त्यात लांबलचक साखळीचे पॉलिमर घालतात. बाइकच्या गिअरचे दात त्या साखळ्या तोडतात, आणि २०डब्ल्यू५० म्हणून टाकलेलं काही हजार किलोमीटरनंतर ४० होऊन बसतं. कारमध्ये तीन-साडेतीन लिटर ऑइल निवांत अडीच हजार आरपीएमवर फिरतं. युनिकॉर्नमध्ये एक लिटर, पाच-सहा हजारावर, गिअरच्या चरकातून. म्हणून कारचं ऑइल दहा हजार चालतं तर बाइकचं का नाही, असं विचारू नये.

---

बुलेटकन्या | सोमवार, सकाळी ७:५०

सिंथेटिकबद्दल पण सांगा ना. आमच्या ग्रुपवर एकजण शपथेवर सांगतो की एकदा सिंथेटिक टाकलं की परत मिनरलवर येता येत नाही, इंजिन "नाराज" होतं.

---

माहूलकर | सोमवार, सकाळी १०:१५

इंजिनाला नाराज व्हायला भावना लागतात. येता येतं. दोन्ही एकमेकांत मिसळतातही. सेमी-सिंथेटिक म्हणजे दुसरं काय असतं? आणि त्यात सिंथेटिक किती टक्के असावं याचं बंधन नाही, हेही लक्षात ठेवा.

"फुल्ली सिंथेटिक" या शब्दाची गंमत सांगतो. बेस ऑइलचे पाच गट आहेत. पहिले तीन खनिज तेलातूनच येतात, शुद्धीकरण वाढत जातं. चौथा पीएओ, तो रासायनिक पद्धतीने बनवलेला. पाचव्यात एस्टर वगैरे उरलेले सगळे. १९९९ साली अमेरिकेत दोन बड्या कंपन्यांचा जाहिरातीवरून वाद झाला की तिसऱ्या गटाला सिंथेटिक म्हणायचं की नाही. निर्णय म्हणायला हरकत नाही असा लागला. तेव्हापासून डब्यावरच्या सिंथेटिकमध्ये बहुतेकदा तिसरा गटच असतो. तो चांगला आहे, वाईट नाही. पण रोज दहा किलोमीटर ऑफिसला जाणाऱ्या स्प्लेंडरला वेळेवर बदललेलं मिनरल पुरे. लडाखला निघालेल्या किंवा रोज तापणाऱ्या गाडीला सिंथेटिकचे पैसे वसूल होतात.

---

चिपळूणचा_बाळ्या | सोमवार, दुपारी ३:०५

अवांतर, पण ऑइलचाच विषय आहे म्हणून.

२२ जुलै २०२१ला वाशिष्ठी घरात आली तेव्हा आमच्या आळीतल्या गाड्या हँडलपर्यंत पाण्यात. पाणी उतरल्यावर माणसं चिखल काढता काढता गाडीला एक किक मारून बघत होती. तीच चूक. सिलिंडरमध्ये पाणी असेल तर ते दबत नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो. मी किक मारली नाही. प्लग काढला, ड्रेन नट खोलला, आधी पाणी आलं, मग दूध घातलेल्या चहासारखं काहीतरी. स्वस्तातलं एमए ऑइल भरून, हाताने किक फिरवून काढलं, परत भरलं, इंजिन दोन मिनिटं चालवून काढलं, तिसऱ्यांदा रंग बरा आला तेव्हा मग चांगलं टाकलं. गाडी अजून चालते.

पूर नसतानाही कोकणात पावसाळ्यात ऑइलच्या झाकणाखाली पांढरट साय दिसते. घर ते दुकान दोन किलोमीटर, इंजिन तापतच नाही, आतली वाफ आतच राहते. घाबरू नका, आठवड्यातून एकदा गाडी चांगली पंधरा-वीस किलोमीटर पळवा, साय जाते. डिपस्टिकवरचं सगळंच ऑइल दुधाळ दिसलं तर मात्र बदला.

---

वाचनमात्र | सोमवार, दुपारी ३:४०

आमच्याकडे ऑइल काळं झालं की लगेच बदलायला सांगतात. काळं म्हणजे खराब का?

---

नटबोल्ट | सोमवार, संध्याकाळी ७:१०

काळं म्हणजे ऑइल काम करतंय, काजळी धरून ठेवतंय. पाच हजार झाले तरी सोन्यासारखं पिवळं दिसलं तर मला जास्त काळजी वाटेल. किलोमीटर आणि महिने बघा, रंग नको.

लेव्हल बघायची पद्धत चुकते त्याने जास्त गाड्या मरतात. मेन स्टँडला सपाट जागेवर उभी करा, दोन-तीन मिनिटं चालवा, बंद करा, तेवढाच वेळ थांबा. डिपस्टिक पुसा आणि होंडा-हिरोमध्ये आटे न फिरवता नुसती टेकवून बाहेर काढा. फिरवून आवळलीत तर दांडी जास्त खोल जाते, ऑइल आहे त्यापेक्षा जास्त दिसतं. साइड स्टँडवर बघितलं तर काय वाटेल ते दिसतं.

घरी बदलणाऱ्यांसाठी: ड्रेन नट आधी हाताने चार आटे लावा, मगच पाना. केसिंग अॅल्युमिनियमचं असतं, जोर दाखवलात की आटे गेलेच. मग दीडशे रुपये वाचवायला गेलेला माणूस हेलिकॉइल (गेलेले आटे परत बसवायची तारेची गुंडाळी) शोधत फिरतो. वॉशर नवा टाका. आणि रिकामी बाटली भंगारात देण्याआधी तिला भोक पाडा, झाकण चिरा. अख्ख्या बाटलीत काय भरून परत विकतील सांगता येत नाही. गॅरेजमध्ये बदलत असाल तर सील तुमच्यासमोर फोडायला सांगा. चांगला मेकॅनिक रागवत नाही.

---

पाचवा_गिअर | पुढचा रविवार, रात्री ९:२०

अपडेट. सगळ्यांचे आभार.

सीटखालचं पुस्तक पहिल्यांदाच उघडलं. १०डब्ल्यू३०, जासो एमए, साध्या अक्षरात छापलंय. दहा वर्षं माझ्या बुडाखाली होतं. कारच्या कॅनमागे तो गोल शिक्काही सापडला, माहूलकरांनी सांगितलं तसाच, रिसोर्स कन्झर्व्हिंगसकट.

बुधवारी मेकॅनिकसमोर जुनं काढलं, १०डब्ल्यू३० एमए२ टाकलं. तो हसला आणि म्हणाला, "साहेब, कारला माझं ऑइल टाकून बघा आता." गुरुवारी कात्रजचा जुना घाट चढलो, घसरणं कमी झालं पण गेलं नाही. पन्नास-साठ किलोमीटरनंतर परत काढलं, परत भरलं. शनिवारी पुन्हा घाट, चौथ्यावर अजूनही जरा सुटतोच. शेवटी क्लच उघडला. घर्षणाच्या प्लेटा काचेसारख्या चमकत होत्या, पोलादी दोन निळ्या पडलेल्या. नऊशे किलोमीटरचं सगळं पाप ऑइलचं नाही, प्लेटा मूळच्याच होत्या, ६८ हजार झालेल्या. ऑइलने फक्त धक्का दिला. नव्या प्लेटा आणि स्प्रिंगा टाकल्या. आज सकाळी खंबाटकी चढून आलो, मागे बायको, मिक्सर नव्हता. तिसऱ्यावर सुरळीत.

एक प्रश्न राहिला. नव्या प्लेटा टाकण्याआधी मेकॅनिकने रात्रभर ऑइलमध्ये बुडवून ठेवल्या. बरोबर ना?

---

नटबोल्ट | रविवार, रात्री ९:३५

एकदम बरोबर. कोरड्या बसवल्या तर पहिल्याच दिवशी करपतात. त्याला सोडू नका, माणूस कामाचा आहे.

---

वऱ्हाडी_ठेचा | रविवार, रात्री ९:५०

मी वाटी उघडली बरं का. नटबोल्ट भाऊ, शाडूची माती नोहे, आमच्याकडची काळी माती निघाली, त्यात कापूस पेरता आला असता. आता २०डब्ल्यू४० टाकलं हाय. ५० पासून एक पायरी उतरलो, एवढं मान्य करा.

---

माहूलकर | रविवार, रात्री १०:०५

मान्य. डिसेंबरात आणखी एक उतरा.

---

पाचवा_गिअर | रविवार, रात्री १०:१२

काढलेलं ऑइल दोन-अडीच लिटर जमलंय. गावी कराडला कुंपणाच्या लाकडी खांबांना वाळवीसाठी लावायचा विचार आहे, वडील नेहमी लावायचे. चालेल का?

---

माहूलकर | रविवार, रात्री १०:२०

लावतात खरे सगळे. मी लावणार नाही. पावसात ते जमिनीत उतरतं, आणि खांबापासून विहीर किती लांब आहे ते तुम्हालाच माहीत. वापरलेलं ऑइल कायद्याने घातक कचऱ्यात मोडतं. मेकॅनिकच्या पिंपात परत द्या, गोळा करणारे घेऊन जातात.

---

आप्पा_चेतक | रविवार, रात्री १०:४१

आणि ते कारचं सव्वा लिटरमधलं पाव लिटर उरलं असेल ना? आमच्या सोसायटीच्या गेटची बिजागरी फार कुरकुरते.